रुसवा काढणारा मालक

लग्नात मुलाच्या मामाला मान असतो, स्वामींना असतो, वाजंत्र्यांनाही असतो. ज्याच्या जागेत लग्न लागतं त्याला मात्र नुसत्या हाका असतात. ‘मालक, पाणी.’ ‘मालक, चटया.’ ‘मालक, तुमची म्हैस मांडवात शिरून राहिली.’ देगलूर-उदगीर रस्त्यावरच्या आमच्या सराईत, निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत, मी अशा हाकांना ओ देत उभा असे. त्या काळात मला एक कला अवगत झाली होती आणि तिचा मला फार गर्व होता. ती माझ्या हातून कशी गेली ते इथे लिहितो आहे. वाचणाऱ्याला हसू आलं तर येऊ द्यावं. मला अजून पुरतं येत नाही.

सराई वडिलांनी बांधली ती मोंढ्याच्या बाजाराला धान्य नेणाऱ्या बैलगाड्यांसाठी. पुढे लांब पडवी, तिच्या कडेला खोल्या, मागे आणखी दोन, भिंती कुडाच्या आणि शेणामातीनं लिंपलेल्या. अंगणात विहीर, विहिरीजवळ चिंच. पुढे सर्व्हिस मोटार सुरू झाली आणि मुक्काम करणारे गाडीवान कमी झाले. खोल्यांत उंदरांशिवाय कोणी उतरेना. अशात निलंग्याकडच्या एका वऱ्हाडाची मोटार आमच्या दारात बंद पडली. मुहूर्त जवळ आला होता, मुलीकडच्यांना निरोप गेला, तेही इकडेच आले आणि चिंचेखाली अक्षता पडल्या. तेव्हापासून ज्यांना मुलीचं गाव लांब आणि मुलाचं त्याहून लांब, असे लोक आमच्याकडे लग्नं काढू लागले.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय अवघड, चुली पेटवल्या की झालं. तसं नाही. लग्नाला दोन गावं लागतात. मुलाकडचे येतात, मुलीकडचे सामोरे जातात, सीमेवर पूजा होते, वरात निघते. आमच्याकडे दोन्ही वऱ्हाडं एकाच छपराखाली. म्हणून मी ठरवून टाकलं होतं: विहिरीच्या पलीकडे मुलाचं गाव, अलीकडे मुलीचं. सीमेची पूजा रहाटापाशी. वरात सराईलाच फेऱ्या घालायची; एकदा घोडा गरगरला आणि नवरा मुलगा चिंचेच्या फांदीला धरून लोंबकळला. मुलाकडचे पुढच्या खोल्यांत, मुलीकडचे मागच्या, मधे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात माझी थोरली बहीण, अक्का. ती लहानपणीच विधवा होऊन परत आली होती आणि चूल तिच्या ताब्यात होती. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून लोक कापडाचे तागे नेत, पण अक्काला चुकवून मुलाकडचा माणूस मुलीकडे गेलेला मला आठवत नाही.

वाटसरूही त्यातच उतरलेले असत. तंबाखूचा एक दलाल दुपारी पडवीत झोपला होता. नेमकी ती जागा नवऱ्याच्या मामाची. त्याला उठवून हळद लावली, फेटा बांधला, पाया पडले. खरा मामा उशिरा पोचला तेव्हा दलाल पंगतीत दुसऱ्यांदा बासुंदी घेत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, “इतक्या प्रेमानं कोण उठवतंय मालक.”

आता माझी कला. लग्न लागण्याआधी मुलीकडच्या बायका नवऱ्या मुलाला रुखवत घेऊन येतात, शेवया, करंज्या, पुरणपोळ्या, ताटावर विणलेला रुमाल. ते लगेच खायचं नसतं. रुसायचं असतं. मग मनधरणी, मग काहीतरी वस्तू, मग पहिला घास. ही मनधरणी खरं तर मुलीकडच्या वडीलधाऱ्याचं काम, पण ते बिचारे मांडवात अडकलेले, आणि मी जागेवरच. हळूहळू ते काम माझंच झालं. नवऱ्याच्या समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. वस्तूचं नाव काढायचं नाही, प्रवासाचं काढायचं. मग एक सुस्कारा. मग त्याच्या मनगटाकडे, पायातल्या जोड्याकडे बघून ओळखायचं. लबाडी अशी की मुलीच्या बापानं वस्तू सकाळीच माझ्या कपाटात आणून ठेवलेली असे. नवरा रुसायच्या आधी त्याचा रुसवा कपाटात तयार. एक मुलगा इतका भुकेला होता की रुमाल उचलून थेट करंजीला हात घातला. त्याच्या आईचा चेहरा पडला. मी त्याच्या हातातून करंजी काढून घेतली आणि कानात म्हणालो, “अहो, आधी रुसा.” मला वाटायचं, मी लग्नं तारतो.

मग बसवराज मास्तर आले.

भोकरच्या शाळेत शिकवणारा, चष्मा लावणारा, सडपातळ मुलगा. मुलगी निलावती, उदगीरजवळच्या खेड्यातल्या दुकानदाराची. लढाईचे दिवस होते, साखर परमिटवर मिळे, आणि वऱ्हाड ज्या मोटारीतून आलं ती कोळशावर चालत होती, त्यामुळे सगळे पाहुणे लोहार दिसत होते. त्यांची तोंडं धुऊन होतात न होतात तोच पोलिसांचे एक अमीनसाहेब घोडा आणि शिपाई घेऊन दारात. अमिनाला जागा नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यांना नवऱ्याची पुढची खोली दिली आणि नवऱ्याला मागच्या कोठीत हलवलं. कोठी आणि मुलीची खोली यांच्यामध्ये फक्त कूड. माझ्याच नियमाविरुद्ध होतं ते. म्हटलं, एका दुपारचा प्रश्न आहे.

रुखवत आलं. बायकांनी गाणी म्हटली. मास्तर ताटाकडे बघेनात. मास्तरांची आई खूष झाली. “बसला बघा,” म्हणाली, “जावा मालक.”

मी शेजारी जाऊन बसलो.

“पाव्हणं, वाटंत लई तरास झाला असंल.”

“न्हाई.”

मी सुस्कारा टाकला. ते म्हणाले, “मालक, मला काही नको.”

सगळे असंच सुरू करतात. मी मान हलवली.

“आत जाऊन मुलीला विचारा,” ते म्हणाले, “तिला हे लग्न पाहिजे का.”

रुसव्याची ही सुरुवात मी कधी ऐकली नव्हती. मनात म्हटलं, शिकलेला आहे, वळसा घालून येतो आहे. मी मनगटाकडे पाहिलं. मोकळं होतं. कपाटात काय आहे ते मला ठाऊक होतं.

“पट्ट्याचं आवडतं का साखळीचं?” मी विचारलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. “मी मुलीचं बोलून राहिलो, मालक.”

“मी बी तिचंच बोलून राहिलो. तिच्याच वडलांनी आणलंय. पट्ट्याचं हाय.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. दारातून त्यांच्या आईनं विचारलं, “काय म्हणतो?” मी म्हणालो, “घड्याळावर आलंय.” पडवीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, “मास्तरच ते, घंटा चुकाया नको.” मास्तरांनी हात पुढे केला, मी घड्याळ बांधलं, त्यांनी दोन घास खाल्ले. मी बाहेर आलो तो किल्ला सर केल्यासारखा. संध्याकाळी अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी पातेली घासताना अक्का म्हणाली, “ती पोरगी काल दुपारभर रडली.”

“पोरी रडतातच.”

“जायाचं रडणं मला कळतं. हे तसलं न्हवतं. नको नको म्हणून राहिली होती. माय तोंडावर हात धरून बसली होती तिच्या.”

“मग मला सांगायचं न्हाई?”

“तुला? तू घड्याळ घेऊन फिरत होतास.”

मी कोठीत जाऊन कुडाला कान लावला. पलीकडे अक्काची मांजर पाणी पीत होती. मला प्रत्येक घोट ऐकू आला.

माझा स्वभाव असा की अपराध वाटला की तो मला कुठेतरी वाढावा लागतो. मी तो तुपातून वाढायला लागलो. भोकरचा माणूस सराईत जेवायला बसला की त्याच्या पानात तुपाची धार जास्त, आणि वर मास्तरांची विचारपूस. ही गोष्ट पसरली. मग सगळा मुलूखच भोकरचा झाला. बैलांचा एक तेलुगू व्यापारी, ज्याला भोकर हा शब्द नीट म्हणता येत नव्हता, तोसुद्धा छातीवर हात ठेवून भोकरचा म्हणून बसला. अक्का म्हणाली, “आता त्या गावात कोणी मागं ऱ्हायलं का सगळंच इथं येऊन राहिलं?”

एका खऱ्या भोकरवाल्यानं सांगितलं, “मास्तर बरे हायत. बायकू मातुर माहेरीच असती.” त्या दिवशी मी स्वतः जेवलो नाही. मुलीचा संसार मी घड्याळाच्या पट्ट्यानं बांधला होता आणि तो सुटला होता, असं माझ्या मनानं घेतलं. यानंतर मी रुसवे काढणं सोडलं असेल, असं कोणालाही वाटेल. सोडलं नाही. उलट आता माझा सुस्कारा खरा येत असे, त्यामुळे नवरे लवकर मानत.

असं बरंच चाललं. मग एका दुपारी सर्व्हिस मोटारीतून बसवराज मास्तर उतरले. मागून निलावतीबाई, कडेवर लहान मुलगी. मास्तरांच्या धाकट्या बहिणीचं, शांताचं, लग्न उदगीरच्या मुलाशी ठरलं होतं आणि त्यांना सराई हवी होती. बाई सरळ स्वयंपाकघरात अक्कापाशी जाऊन बसल्या. मी मास्तरांना पान वाढलं आणि भातावर इतकं तूप ओतलं की भात दिसेना.

मास्तर म्हणाले, “मालक, गावात लोक विचारतात, तुम्ही भोकरचे जावई आहात का?”

मला राहवलं नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि निलावतीबाईंना सगळं सांगितलं, कोठी, कूड, घड्याळ. सांगताना माझे डोळे भरले. त्या मुलीला वरणभात भरवत ऐकत होत्या.

“ते मला तवाच कळलं,” त्या म्हणाल्या. “गाडीत यांनी सांगितलं. म्हणाले, मी विचाराया लावलं होतं, पण मालक घड्याळ घेऊन आला. मला हसू आलं. सकाळपासून पैल्यांदा. मग मी म्हटलं, आता विचारा की.”

“मग?” अक्कानं विचारलं.

“विचारलं. मी न्हाई म्हटलं.”

अक्काच्या हातातली पळी थांबली.

“हे म्हणाले, बरं. रीतीप्रमाणं मी माहेरी परत आले ती तिथंच ऱ्हायले. हे सणाला यायचे, ओट्यावर बसायचे, विचारायचे, चहा घ्यायचे, जायचे. माझे वडील म्हणायचे, जावई लई रुसलाय, काय पाहिजे बघा. त्यांनी सायकल काढून ठेवली.”

“आन तू हाव कधी म्हटलीस?”

“ते मी कोणाला सांगत न्हाई,” निलावतीबाई म्हणाल्या आणि मुलीचं तोंड पुसलं.

खरं सांगतो, मला हलकं वाटायला हवं होतं, पण थोडं वाईटच वाटलं. इतकी वर्षं ज्या गोष्टीत मी खलनायक म्हणून राबलो, तिच्यात मी नुसता गाडीत हसण्यापुरता होतो. घड्याळाचं काय झालं, मी विचारलं. घड्याळ त्यांच्या धाकट्या भावानं खोलून बघितलं होतं आणि ते परत जुळलं नाही.

“मालक,” त्या म्हणाल्या, “लगीन इथं करू. पण माझं एक हाय. शांताला मी घरी विचारलं. वैनी, तुम्ही म्हणाल तसं, म्हणाली. ते काय उत्तर न्हाई. तिनं नवऱ्याला बघितलं न्हाई, ऐकलं न्हाई. तुम्ही नवऱ्याला त्याच कोठीत बसवा. पलीकडं मी तिला घेऊन बसते. तो त्याच्या माणसांत कसा बोलतो ते ऐकू द्या. मग मी विचारणार. न्हाई म्हणाली तर मांडव उतरवायचा.”

“बाई, मुलाकडचे मला जित्ता ठेवतील?”

“यांनी सासऱ्यांना सांगितलंय. तशी येळ आली तर मुलाकडच्यांना मी सांगीन. तुम्ही कोठी तेवढी द्या.”

“आन शिजलेलं?”

“भोकरवाल्यांना वाढा.”

अक्का हसून हसून चुलीला टेकली. मी हो म्हणालो. हो म्हणण्यापलीकडे माझ्यापाशी काही उरलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी पुढची खोली मोकळी होती, तरी मी नवऱ्याला कोठीत नेलं. कारण काय सांगावं? म्हणालो, इथं गार असतं. तिथं भट्टीसारखं उकडत होतं. नवरा उदगीरच्या एका आडत दुकानातला, गोरटेला, खांद्यानं रुंद, सोबत एक चुलतभाऊ. मी स्वयंपाकघरात येऊन पुरणाच्या पातेल्यामागे उभा राहिलो. तिथून कोठीचं ऐकू येतं. मागच्या खोलीत शांता आणि निलावतीबाई, दाराला आतून कडी. मांडवात माणसं, चुलीवर आधण, आणि त्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य या गृहस्थाच्या बोलण्यावर टांगलेलं. तो काय बोलेल ते माझ्या हातात नाही. मी त्याला आधी चार गोष्टी शिकवून ठेवायला हव्या होत्या, असं मनात आलं. निलावतीबाईंनी नेमकं तेच बजावून नको म्हटलं होतं.

आधी तो उकाड्यावर बोलला. मग फेट्यावर. मग दोघांनी एका काकाची टर उडवली, तीही फार लांबवली. मी घामाघूम. अक्का पोळी लाटायची थांबली होती.

मग चुलतभाऊ म्हणाला, “रुखवत येईल आता. काय मागणार हाईस?”

“रुसायचं कसं असतंय रे?” नवऱ्यानं विचारलं.

“तोंड पाडून बसायचं. मालक येतो म्हणे, त्यो शिकवतो.”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी पुरणाकडे.

“मला भूक लागलीया,” नवरा म्हणाला. मग जरा वेळानं, “पोरगी बोलणारी हाय का, काय कळलं?”

“का?”

“आमच्या घरी कोणी बोलतच न्हाई बघ. दादा न्हाई, अव्वा न्हाई. जेवताना नुसता चावायचा आवाज. मी दुकानात पोत्यांशी बोलतो.”

“पोत्यांशी?”

“तुरीची बरी ऐकतात. हरभऱ्याची न्हाई.”

मग कुडापलीकडून काहीतरी फुटलं. आधी मला वाटलं रडणं. मग कळलं, कोणीतरी तोंडावर पदर दाबून हसतं आहे आणि ते आवरत नाही.

कोठीतून चुलतभावाचा आवाज आला, “पलीकडं कोण हाय रे?”

कडी निघाली. निलावतीबाई बाहेर आल्या. मांडवातून मास्तर उठून उभे राहिले. बाई त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, “हाव म्हणाली.” मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. “मालक, सकाळपासून उपाशी हाय ती. ते रुखवताचं ताट पैलं तिला द्या.”

“नवऱ्याचं?”

“तेच.”

मी ते ताट, रुमालासकट, नवऱ्याच्या दारावरून मागच्या खोलीत नेलं. नवऱ्यानं ते जाताना पाहिलं. आजवर माझ्या सराईत एवढे नवरे रुसले, पण खरा रुसलेला मी तोच पहिला पाहिला. त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

त्याची आई धावत आली. “मालक, तो रुसून राहिला. जावा की.”

मुलीच्या वडलांनी सकाळी दिलेली अंगठी माझ्या कनवटीला होती. शेजारी कसं बसायचं, सुस्कारा कुठे टाकायचा, सगळं मला येत होतं. मी जागचा हललो नाही. म्हणालो, “बसू द्या.”

तेवढ्यात कुडापलीकडून शांताचा आवाज आला, दबका, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“उलीसं थांबा. मी धाडते.”

अक्का आत गेली आणि ताट घेऊन आली. एक करंजी अर्धी खाल्लेली, पुरणपोळीचा एक कोपरा तोडलेला. “उष्टं हाय,” अक्कानं नवऱ्याला सांगितलं. त्याच्या आईनं कपाळावर हात मारला. नवऱ्यानं भिंतीकडून तोंड वळवलं, काही न मागता मांडी घातली आणि आधी ती अर्धी करंजीच उचलली.

अंगठी मी मास्तरांच्या वडलांना परत दिली. त्यानंतर कोणाचा रुसवा काढायला मी गेलो नाही. कोणी बोलावलं तर सांगायचो, आत निरोप धाडा. त्या दिवशी मी कोठीच्या दारात उभा राहिलो, त्याचं संपेपर्यंत, आणि मग रिकामं ताट उचललं.